सावडीचा फोन

ऑनलाइन कामात आमच्या कंपनीत माझा हात धरणारं कोणी नाही. हे मी स्वतःच सांगते, कारण दुसऱ्या कोणी सांगण्याची वाट बघत बसले तर रिटायर होईन. लोधिवलीच्या अलीकडे हायवेला लागून आमची कंपनी आहे आणि तिथे डिस्पॅचला मला सोळा वर्षं झाली. गाडी कुठे अडली, कोणता कागद कोणत्या साईटवर चढवायचा, कोणता ड्रायव्हर ढाब्यावर बसून ट्रॅफिकचं कारण सांगतोय, हे मला खुर्चीतून कळतं. गेल्या वर्षी त्याबद्दल कंपनीने मला बक्षीस दिलं. सिंगापूरहून निघणारी चार रात्रींची क्रूझ, दोघांसाठी. विमानाचं तिकीट मात्र ज्याचं त्याने काढायचं.

दोघांसाठी म्हटल्यावर ऑफिसातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी लग्न केलेलं नाही आणि त्याची काळजी माझ्यापेक्षा अकाउंट्सवाल्यांना जास्त आहे. मी म्हटलं, आईला नेणार. माना परत कॉम्प्युटरकडे गेल्या.

पण आईला नेणं सोपं नव्हतं. क्रूझच्या तारखा जुलैमधल्या होत्या आणि जुलैत माझी आई माझी नसते, सावडीची असते. आमचं गाव कर्जतहून कोंडाण्याकडे जाताना लागतं. भाताची रोपं राबातून काढून खाचरात लावायची, ह्याला आम्ही आवण म्हणतो, आणि ते एका घरच्या हातांनी उरकत नाही. म्हणून दहा-बारा घरच्या बायका एकत्र येतात. आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. मजुरी नाही, दिवसाला दिवस आणि ज्याचं शेत त्याच्याकडे दुपारचं जेवण. हीच सावड. कोणाचं शेत कधी, हे एकीने ठरवायचं असतं, आणि आमच्या सावडीत ते तीस वर्षं माझी आई ठरवते. कागद नाही, पेन नाही. कोणाचा राब किती वाढलाय, कोणाच्या खाचरात पाणी किती आहे, कोणाची सून बाळंतीण आहे, सगळं डोक्यात. संध्याकाळी बायका फोन करून विचारतात, उद्या कुठं गं, आणि आई सांगते.

आई चांगली आहे, पण ह्या एका बाबतीत ती कोणाची भीड ठेवत नाही. तीन वर्षांपूर्वी एक बाई स्वतःच्या आवणाच्या दिवशी पुण्याला मुलाच्या नव्या घरात अडकून पडली. अकराजणी तिच्या बांधावर जाऊन उभ्या राहिल्या आणि घरधनीणच नाही. आईने सगळ्यांसमोर सांगितलं, "सोताच्या आवनाला जी बाई नाय, तिनं सावडीत ऱ्हाऊ नये." त्या बाईची सावड सुटली. तेव्हापासून ती मजूर लावून आवण करते आणि रस्त्यात आई दिसली की पलीकडच्या कडेने जाते.

त्यामुळे क्रूझचं ऐकल्यावर आईने आधी बोटं मोजली. मधल्या दिवसांत ज्यांची शेतं होती त्यांच्याकडे जाऊन सांगून आली, की मी नाय, पन माजे दिवस मागनं फेडीन. मग मला म्हणाली, "रविवारी माजं आवन. शनिवारी मी घरात पायजे."

"शनिवारी दुपारचंच विमान आहे," मी म्हटलं.

"नाय पोचले तर मला सावड सोडाया लागंल. जे दुसरीला लावलं, ते मला लावाया नको?"

मी हसले. विमानाचं सगळं माझ्यावर सोड, म्हटलं. ती सोडणाऱ्यातली नाही. तिने स्वतःच्या साठवणीतून स्वतःचं तिकीट काढलं, तेही माझ्या हातून नाही, कर्जतला बाजारपेठेत बसणाऱ्या एजंटाकडून. विमान माझंच, पण बुकिंग वेगळं आणि त्यावर मोबाईल नंबर आईचा. निघायच्या दिवशी सकाळी तिने तिचा बटणांचा फोन प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि शेजारच्या काकीच्या हातात दिला. "फोन सावडीचा हाय," ती म्हणाली, "तो गावातच ऱ्हायला पायजे." काकीने तो कमरेला खोचला. मी तिथेच उभी होते. सोळा वर्षं लोकांच्या गाड्यांचा माग काढणाऱ्या मला त्यात काहीही वावगं दिसलं नाही.

बोटीवर आई मजेत होती. तिने पाचवारीखाली मी घेतलेले कॅनव्हासचे बूट घातले आणि पहिल्याच दिवशी अकरा मजले जिन्याने पाहून आली. जेवणाचा हॉल बघून तिने विचारलं, एवढ्या लोकांचं रांधतात कितीजण. तिथला भात तिला आवडला नाही. "गिचका हाय," असं म्हणून ती रोज दोन वेळा घ्यायची. समुद्राकडे मात्र ती फार वेळ बघायची नाही. एवढं पाणी आणि लावायला काही नाही, म्हणाली.

विमानाचं चेक-इन अठ्ठेचाळीस तास आधी उघडतं. गुरुवारी दुपारी आम्ही शेवटचं बंदर सोडलं तेव्हाच विमान कंपनीचा ई-मेल आला, की शनिवारचं विमान भरलेलं आहे, प्रवाशांनी ऑनलाइन चेक-इन लवकर करून जागा नक्की करावी. मी बोटीचं वायफायचं पॅकेज घेतलेलंच होतं. माझं ॲपमध्ये आधीच सगळं भरलेलं होतं, नुसतं एक बटण दाबायचं. पण मी म्हटलं, माझं काय, माझं एका मिनिटात होईल. आधी आईचं करू आणि तिला दाखवू, एजंटाशिवाय जग कसं चालतं ते.

आईचा बुकिंग नंबर टाकला, आडनाव टाकलं. स्क्रीनवर आलं, नोंदवलेल्या मोबाईलवर सहा आकडी ओटीपी पाठवला आहे.

तो मोबाईल काकीच्या कमरेला होता.

मला माझाच राग आला आणि मी तो आईवर काढला. फोन कोणी गावात ठेवून येतं का, असं मी दोनदा म्हटलं. आईने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आता काय करायचं ते सांग." करण्यासारखं फार नव्हतं. भर समुद्रात माझ्या सिमला नेटवर्क नव्हतं, चालत होतं ते फक्त व्हॉट्सॲप. काकीकडच्या बटणांच्या फोनवर व्हॉट्सॲप येत नाही. काकीच्या सुनेकडे मोठा फोन आहे, तिला लावला. लागेना. जुलैत आमच्याकडे वीज गेली की टॉवरही झोपतो, त्यात नवीन काही नाही. संध्याकाळपर्यंत मी वीस वेळा लावला असेल. मधे एकदा सीटांचा नकाशा उघडला तर त्यातल्या मोकळ्या जागा कमी होत चालल्या होत्या.

शुक्रवारी सकाळी नाश्त्याच्या टेबलावर सुनेचा उलटा फोन आला. तिकडे आठ वाजले होते आणि ती चहाची किटली घेऊन शेतावर निघाली होती. रस्त्याखालून ओढा जातो त्या मोरीवर आली तेव्हा नेट पकडलं आणि माझे मेसेज एकामागून एक पडले. मी घाईघाईने तिला सांगितलं, शेतात जा, काकीकडचा फोन घे, मोरीवर ये, तिथून मला आकडे सांग.

"तो फोन मोरीवर चालत न्हाय ताई," ती म्हणाली. "त्याची कंपनी येगळी. त्याला रेंज वरच्या बांधावर येती. माज्याला हितं मोरीवर."

वरचा बांध आणि मोरी ह्यांच्या मधे चार खाचरं. ओटीपी दहा मिनिटं टिकणार. तरी मी म्हटलं, पळ. मी ओटीपी मागवला. ती वर जाईपर्यंत, काकी चिखलातून निघून हात धुईपर्यंत, पिशवीची गाठ सुटेपर्यंत आणि सून परत मोरीवर येऊन मला फोन लावेपर्यंत स्क्रीनवर लाल अक्षरं आली होती. वेळ संपली. खाली लिहिलं होतं, आणखी एकच प्रयत्न, त्यानंतर चोवीस तास थांबा. चोवीस तासांनी चेक-इन बंद झालेलं असणार होतं.

मी फोन टेबलावर आपटला. शेजारच्या टेबलावरच्या लोकांनी वळून बघितलं. आईने तो उचलला, पुसला आणि मला विचारलं, "ह्यात बोलायचं कुठं?"

"आई, तुला नाही कळणार ते."

"हे नाय कळत. शेत कळतं."

तिने फोन तोंडासमोर धरला, भाकरी धरावी तसा. मोरीवर सून होती. आईने तिला विचारलं, आज लावणी कुठवर आलीय. दुसरं खाचर, सून म्हणाली. "चिखलात किती हायेत?" नऊ. "वरल्या बांधाला काकीला उभी कर, हात कोरडं करून, फोन हातात घेऊन. पिशवीतनं काडून. दुसऱ्या खाचराच्या मेरेवर ती हसरी हाय ना, तिला उभी कर, तिचा आवाज मोठा. तिसऱ्याला तुजी जाव. चौथ्याला मोठी सासू, तिला ऐकू चांगलं येतं. तू मोरीवरनं हलू नको." सून हो हो म्हणत होती. "आनि सहा आकडं एकदम वरडायचं नाय. रोपांच्या मुठी मोजतो तशा जोडीनं. दोन सांगायचं, खालनं पोचलं म्हनून हात वर झाला का मंग फुडचं दोन."

मग तिने मला सांगितलं, थांब. मी थांबले. सोळा वर्षांत मला कोणी असं थांबवलेलं नाही. पाच मिनिटांनी फोनमधून लांबून एक आरोळी आली, आणि ती ओळीने जवळ येत गेली.

"उभ्या ऱ्हायल्या," आई म्हणाली. "आता दाब."

मी ओटीपी मागवला. फोन आमच्या दोघींच्या मधे होता, स्पीकरवर. आधी नुसता वाऱ्याचा आवाज. मग फार लांबून काकी, तिचं मला काही समजलं नाही, मग तेच जरा जवळून, आणखी जवळून, आणि शेवटी सुनेने स्वच्छ आवाजात दोन आकडे सांगितले. मी टाकले. पुन्हा तसंच, दोन. ह्या वेळी चौथ्या मेरेवरच्या म्हाताऱ्या सासूने स्वतःच इतक्या जोरात सांगितलं, की सुनेला बोलायची गरज पडली नाही. नाश्त्याच्या हॉलमधले लोक आता उघडच बघत होते आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नव्हती. शेवटचे दोन आले. मी बटण दाबलं आणि आईचं नाव स्क्रीनवर उघडलं.

"झालं?" मोरीवरून सुनेने विचारलं.

"झालं," आई म्हणाली. "लागा आता कामाला. ऊन चडायच्या आत ते खाचर उरका."

मी तिचा पासपोर्ट नंबर भरला, उरलेल्या जागांतली एक घेतली. मधली होती, दोघांच्या मधे. आईला खिडकी नकोच होती. मला त्या क्षणी तिचा इतका अभिमान वाटला, की आधीच्या दिवशी तिच्यावर ओरडले त्याची माफी मागायला हवी होती हेही लक्षात आलं नाही. चौथी शिकलेल्या बाईने समुद्रातून चार खाचरं चालवली होती, आणि बक्षीस मिळालं होतं मला.

मग माझं बटण दाबलं. ॲपने सांगितलं, आपली जागा विमानतळावर दिली जाईल. डिस्पॅचमध्ये आम्हीही गाडी भरली की उरलेल्या मालाला असंच गोड बोलतो. मला अर्थ कळला. आईला मी काही सांगितलं नाही. बोटीच्या काउंटरवर जाऊन तिचा बोर्डिंग पास कागदावर छापून आणला, कारण तिच्याकडे तो दाखवायला फोनच नव्हता. एकच कागद आहे हे तिने बघितलं आणि तो घडी घालून पाकिटात ठेवला.

शनिवारी सकाळी बोट लागली आणि आम्ही विमानतळावर गेलो. काउंटरवरच्या मुलीने नम्रपणे सांगितलं, की विमानात जागा नाही, मला उद्याच्या विमानाने पाठवतील, हॉटेल विमान कंपनी देईल. मी भांडले. हिंदीत, इंग्रजीत आणि शेवटी मराठीतही. उपयोग झाला नाही. मी आईकडे वळले आणि म्हटलं, "तू एकटी कशी जाशील? इंग्रजी येत नाही तुला."

"आकडं येतात ना," आई म्हणाली. तिने कागद काढून त्यावर बोट ठेवलं. "हा गेटाचा. हा बसायचा. टाईम हितं लिवलाय. मंग काय ऱ्हायलं?"

मुंबईत तिला घ्यायला शेजारचे काका येणार होते, भाजीचा टेंपो घेऊन. हे आधीच ठरलेलं होतं. मी तिला चार-चार वेळा सगळं समजावलं, तिने चारही वेळा ऐकलं. मग म्हणाली, "तू नीट जेव हॉटेलात. भात नको खाऊ," आणि रांगेत उभी राहिली. पुढे जाताना ती एकदाही मागे वळून बघेना. बॅग डोक्यावर घेऊ नको म्हणून मी तिला बजावलं होतं, म्हणून तिने ती खांद्याला लावली होती. निळी साडी, पांढरे बूट आणि ताठ पाठ. ती दिसेनाशी होईपर्यंत मी काचेला हात लावून उभी होते.

त्या संध्याकाळी रोमिंग चालू करून मी काकांना लावला, काकीला लावला, सुनेला लावला. काका गाडी चालवताना फोन बंद ठेवतात आणि नंतर चालू करायला विसरतात. बाकीचे दोन लागेचनात, टॉवर गेला असणार. विमान वेळेवर उतरलं एवढं मला साईटवर दिसत होतं, त्यापुढे नाही. रविवारी माझं काम आवणाच्या बायकांना जेवू घालायचं होतं. दर वर्षी मी करते. तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीचं कालवण, भात. मी इथे हॉटेलात टोस्ट खात होते, आणि आई उभी होती की नव्हती आपल्या बांधावर, मला माहीत नव्हतं.

सकाळी विमानतळावर पोचल्यावर पुन्हा आईचा नंबर लावला. ह्या वेळी वाजला. सुनेने उचलला.

"आई कुठे आहे?"

"आवनात. हात चिकलात हायेत त्यांचं. वरल्या बांधाला मी फोन घिऊन बसलेय."

मी खाली बसले, तिथेच, बॅगेवर. काल दिवस बुडायच्या आत पोचल्या, सून सांगत होती. टेंपोतनं उतरल्या ते थेट राब बघायला गेल्या, घरात मागनं. जेवणाचं तिने आणि तिच्या जावेने उरकलं होतं, मी काळजी करू नये.

"आईला काही बोलायचंय का?" मी विचारलं.

"नाय. काम चाललंय ना." मग तिने आवाज जरा बारीक केला. "पन काल रातच्याला बाया आल्या होत्या घरला, बोटीचं इचारायला. बोटीचं काय सांगितलं नाय त्यांनी. म्हनल्या, पोरीला ठावं होतं जागा थोड्या हायेत. तरी तिनं आदी माजं केलं, मंग सोताचं. म्हनून ती मागं ऱ्हायली आनि मी आले. असं म्हनल्या. दोनदा म्हनल्या."

माझ्या आईने मला कधी शाबास म्हटलेलं नाही. दहावीत नाही, नोकरी लागली तेव्हा नाही, बक्षिसाचं ऐकून तर तिने बोटं मोजली होती. आणि आता सगळ्या सावडीसमोर, तेही दोनदा.

खरी गोष्ट मला माहीत आहे. आधी तिचं केलं ते प्रेमाने नाही, घमेंडीत केलं होतं, माझं एका मिनिटात होईल म्हणून. हे मी आईला सांगायला हवं. अजून सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही.